डस्टर टेबलावर, पाल छताला

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली, आम्ही शाळा सोडून बरीच वर्षं झाल्यावर. त्यामुळे 'ऑन' हा शब्द भेटला तोवर मराठी अंगात मुरलेली होती, आणि 'ऑन म्हणजे वर' एवढं घोकून आम्ही मोकळे झालो होतो.

बाईंनी एका तासात ते घोकणं मोडलं. टेबलावर डस्टर ठेवलं, "ऑन." मग तेच वीतभर उचलून हवेत धरलं. "आता?" आम्ही एका सुरात, "ऑन!"

"टेकलंय का कुठे? नाही ना? मग आता ओव्हर."

तेवढ्यात कुणीतरी छताकडे बोट दाखवलं. पाल! ती तर छताच्या खालच्या बाजूला, म्हणजे 'अंडर' असणार. बाई खूश झाल्या. "टेकलीये ना ती? मग ऑन द सीलिंग." आणि फळ्यावर मराठीच लिहायला लागल्या: छताला पाल, भिंतीला घड्याळ, झाडाला कैरी. तिन्हीकडे आपला 'ला', तिन्हीकडे त्यांचा 'ऑन'. 'वर' कुठेच नाही!

मला अडलं ते अंगठीपाशी. 'बोटात अंगठी' म्हणून मी 'इन' लिहिलं होतं. बाईंनी खोडलं नाही. स्वतःची अंगठी फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, "आपण बोट अंगठीत घालतो आणि म्हणतो बोटात अंगठी. इंग्रज बघतो ती कातडीवर टेकलेली." पायातली चप्पलही तशीच, 'ऑन'. झाडावरचा पोपट मात्र 'इन द ट्री', कारण तो पानांच्या आत बसलेला. मराठीला कमी न लेखता इंग्रजी शिकवता येतं, हे मी तिथे पाहिलं.

'वेळेवर' आणि 'ऑन टाइम' इतके जुळतात याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

मी आज यंत्रांची माहितीपत्रकं कामगारांसाठी मराठीत आणतो. तिथे नुसतं 'वर' लिहून भागत नाही. पट्टी रुळावर टेकवायची की अंतर सोडून धरायची, यावर कुणाची तरी बोटं अवलंबून असतात. म्हणून मी 'टेकवून' लिहितो, नाहीतर 'न टेकवता'. गेल्याच महिन्यात असं एक पान तपासताना बाईंचा हवेत थांबलेला हात डोळ्यांपुढे आला, आणि त्याच रात्री हे लिहायला बसलो.