छातीला शेक घेतलेल्या मुलींची स्तनतपासणी : माझा अनुभव

तेराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी माझ्या छातीला शेक, म्हणजे किरणोपचार (रेडिओथेरपी), दिला होता. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे, राहते यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. अशा मुलींना तालुक्याच्या ठिकाणी हमखास ऐकावं लागतं, "मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) चाळिशीनंतर." समोर धडधाकट पोरगी दिसते, जुना उपचार दिसत नाही. तो कागदावर दाखवावा लागतो.

वाढत्या वयात स्तनाच्या पेशी किरणांना फार नाजूक असतात. छातीला शेक झालेल्या मुलींच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीपर्यंत साधारण 30 टक्के जणींना स्तनाचा कर्करोग झाला. म्हणून 10 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किंवा जास्त मात्रा मिळाली असेल, तर पंचविसाव्या वर्षापासून किंवा शेक संपून 8 वर्षं झाल्यावर, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करायची. माझी 8 वर्षं एकविसाव्या वर्षीच भरली, पण सुरुवात पंचविशीला. एकोणिसाव्या वर्षी शेक घेतलेलीची सत्ताविसाव्या वर्षी.

सगळ्यात आधी कागद. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नुसतं 'आरटी (रेडिओथेरपी) दिली' एवढंच असतं. जिथे शेक झाला तिथल्या रेडिओथेरपी विभागाकडून केस नंबर देऊन उपचाराचा सारांश मागा. त्यात शरीराचा कोणता भाग, एकूण मात्रा आणि तारखा हव्यात. माझ्या कागदावर 'मीडियास्टिनम, 2100 सेंटिग्रे' आहे, म्हणजे छातीच्या मधल्या भागाला 21 ग्रे. शंभराने भागायचं. किमोतल्या लाल औषधाची, म्हणजे डॉक्सोरुबिसिनची, एकूण मात्राही लिहून घ्या. त्यानेही धोका वाढतो, आणि हृदयाच्या तपासणीलाही ती लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बरं झालेल्या मुलांसाठी 1991 पासून एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी, म्हणजे उपचार संपल्यानंतरचं) क्लिनिक आहे. तिथे उपचार झालेल्यांनी तिथेच विचारावं.

एमआरआयची गडबड जास्त. 'छातीचा एमआरआय' चालत नाही, 'स्तनांचा, कॉन्ट्रास्टसह' (शिरेतून औषध देऊन) असं चिठ्ठीवर हवं. त्याला स्तनांची वेगळी कॉइल (एमआरआयचे सिग्नल टिपणारं उपकरण) लागते, पालथं झोपावं लागतं. ती कॉइल प्रत्येक सेंटरला नसते, म्हणून नागपूरला निघण्याआधी फोनवर हाच प्रश्न विचारा. पाळी येत असेल तर तारीख पाळी सुरू झाल्यापासून 7 ते 14 व्या दिवसात घ्या. इतर दिवसांत निरोगी भागही कॉन्ट्रास्टने उजळतो आणि नको ती बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मागे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत हे जुळवणं फार जड जातं, म्हणून मी पाळी आली की त्याच दिवशी सेंटरला फोन करते. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना घरीच काढा. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर लावू नका, फोटोत ठिपके उमटतात. घरचे "पुन्हा किरणं?" म्हणून अडवतात. मॅमोग्राफीत स्तनाला काही मिलिग्रे मिळतात. माझ्या उपचारात 21,000 मिलिग्रे होते. तरुण स्तन दाट असल्याने नुसत्या मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. म्हणून दोन्ही तपासण्या, आणि नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नये.

रिपोर्टवर बायरॅड्सचा, म्हणजे स्तनतपासणीचा निकाल सांगणाऱ्या ठरलेल्या श्रेणीचा, आकडा बघा. 1 किंवा 2 म्हणजे ठीक, 3 ला सहा महिन्यांनी पुन्हा, 4 किंवा 5 ला बायोप्सी. 0 बघून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा जुन्या फोटोंशी तुलना हवी. त्यासाठी दरवर्षीची सीडी मागून घ्या.