तुम्ही विचारलंत म्हणून: बारीक झालीस, मग आता कसली शुगर?

हळदीकुंकू असो की ऑफिसातला डबा, प्रश्न ठरलेला. "अगं, एवढी बारीक झालीस, मग दर वर्षी रक्त कशाला तपासतेस?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

आधी हे ऐका: मला डाएटचं वेड नाही. हापूस खाते, चतुर्थीला मोदक खाते, वर तूप घेऊन.

सातवीत होते. चुलतभावाची मुंज, नारायण पेठेतलं घर पाहुण्यांनी भरलेलं. माझी मान मागून काळी पडली होती, जाडसर, मखमलीसारखी. आत्यानं पाहिलं, दंडाला धरून मोरीत नेलं आणि टाचा घासायची वज्री मानेवर चालवली. "पोरीच्या जातीला इतका मळ? आईचं लक्ष कुठंय?" दाराशी दोन काकू उभ्या होत्या, एक हसली. आईही होती. बोलली नाही. काळं काही निघालं नाही, कातडी तेवढी सोलली. दिवसभर पोलक्याचा काठ त्यावर घासत होता, मे महिन्याचा घाम झोंबत होता. पंगतीत त्याच आत्यानं माझ्या पानात जिलब्या वाढल्या. "खा गं, वाढतं अंग आहे." मी खाल्ल्या. आवडायच्याच मला.

तो मळ नव्हता, रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनची करणी होती. पोटात, यकृतात चरबी साठली की पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी सोडतं. त्या जादा इन्सुलिननं मानेची कातडी जाड आणि काळी होते. मुलींच्या अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, पाळी बिघडते. माझी बिघडली. आणि इतकं सगळं चालू असताना शुगर वर्षानुवर्षं नॉर्मल येऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर बघितली, ८८. "उत्तम! उंची वाढली की आपोआप बारीक होईल." आकडा खराच होता. तो टिकवायला स्वादुपिंड किती राबतंय, ते त्यात दिसत नाही. त्यात वयात येताना इन्सुलिनचा परिणाम सगळ्याच मुलांत थोडा कमी होतो. जाड मुलांवर हा वरताण.

कॉलेजात मी छातीठोकपणे सांगायचे, वजन उतरलं की विषय संपला. ते अगदीच चूक नव्हतं. डेन्मार्कमधल्या ६० हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली छापून आला. सातव्या वर्षी जाड असलेले जे मुलगे तेराव्या वर्षापर्यंत उतरले आणि पुढेही तसेच राहिले, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच. तेराव्या वर्षीही जाड राहून नंतर उतरलेल्यांना मात्र काहीसा जास्त. मी उतरले बाविसाव्या वर्षी. आता म्हणाल, ते डॅनिश, त्यात सगळे पुरुष, तुझा काय संबंध? बरोबर आहे. हे मी स्वतःलाही विचारते.

पण बाबा आयुष्यभर काटकुळे आणि तरी त्यांना शुगर. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांचा २००४ साली छापून आलेला एक फोटो आहे: ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्यात राहून 'बारीक' या शब्दावर मी किती विसंबू?

की हे सगळं निमित्त आहे? असेलही. रिपोर्ट चांगला आला की त्या मोरीच्या दाराशी उभ्या असलेल्यांना तो दाखवावासा वाटतो, हे खरं आहे. आरोग्याची काळजी आणि हा हिशेब मला वेगळे करता येत नाहीत, आणि करायची घाईही नाही.

तेव्हा जेवायला जरूर बोलवा. फास्टिंगला आठ तास उपाशी राहिलं की पुरतं, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशीही चालेल, फक्त पानं लवकर घ्या.