खेळात राजकारण कोण आणतो?

आमच्या अमरावती जिल्ह्यातील खेड्यांत खुल्या कबड्डी सामन्यांचे पहिले बक्षीस बहुधा एखाद्या पुढाऱ्याच्या नावाने असते आणि मैदानाभोवतीच्या फलकांवर खेळाडूंपेक्षा पुढाऱ्यांचेच चेहरे अधिक दिसतात. त्यात कोणाला राजकारण दिसत नाही. मात्र एखाद्या खेळाडूने अन्यायाविरुद्ध तोंड उघडले की ‘खेळात राजकारण नको’ असा उपदेश सुरू होतो.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीतील ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकणारे अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि तिसरे आलेले त्यांचे सहकारी जॉन कार्लोस यांना हेच ऐकावे लागले. कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य दिसावे म्हणून दोघे बूट न घालता, केवळ काळे मोजे घालून विजयमंचावर गेले आणि राष्ट्रगीत सुरू असताना काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ त्यांनी उंचावली. दुसरे आलेले ऑस्ट्रेलियाचे गोरे धावपटू पीटर नॉर्मन यांनीही मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला छातीवर लावला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या दबावामुळे स्मिथ आणि कार्लोस यांना अमेरिकेच्या संघातून काढण्यात आले. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि बर्लिन ऑलिंपिकवरील बहिष्काराला त्यांचा कडवा विरोध होता. तेथील नाझी सलामीत मात्र त्यांना राजकारण दिसले नव्हते. (त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे, पण ते व्यासपीठ कोणाचे होते, हे आम्ही सहसा बोलत नाही.)

आपल्याकडेही खेळाडूंच्या निषेधाची ही परंपरा आहे आणि ती मेक्सिकोपेक्षा जुनी आहे. पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंची गोलंदाजी सवर्णांना हवी होती, चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९२० मध्ये मुंबईतील धर्मवार संघांच्या क्रिकेट स्पर्धेतील हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि आणखी एक बंधू शिवराम यांनी संघातून माघार घेतली. तो निषेध वाया गेला नाही, कारण संघाला त्यांच्याविना जिंकणे अवघड होते, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पोलिसी अत्याचारांविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलिन कॅपरनिक यांना मात्र २०१६ च्या हंगामानंतर अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील एकाही संघाने पुन्हा मैदानात उतरवले नाही.