एप्रिलमधला ओला स्नो: इंच नंतर, आधी उंचीचे फूट

मंडळी, या सीझनला ठरवलं होतं की मॉडेलचा रंगीत स्नोमॅप बघून "आपल्याकडे इतके इंच" असं सांगायचंच नाही, अंदाज द्यायचा तो उंचीप्रमाणे. त्यासाठी अगदी हवी तशी काठावरची केस एप्रिलमध्ये मिळाली, म्हणून हे अपडेट.

आमची जागा श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. क्विन्सिगामंड तलाव साधारण 360 फुटांवर, गावाचा मध्य साडेसहाशेच्या वर, वुस्टरचा एअरपोर्ट हजार फुटांवर आणि त्याच्या पुढे पॅक्स्टन अकराशेच्या आसपास, आणि हे सगळं गाडीने अर्ध्या तासात. जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन 13 किमीचा, म्हणजे तलाव आणि पॅक्स्टनची टेकडी त्याच्या लेखी जवळपास एकाच सरासरी उंचीवर! म्हणून शेवटच्या दीड दिवसात मी 3 किमी चौकोनांची नॅम आणि एचआरआरआर ही मॉडेलंच बघतो, आणि त्यांचेही नकाशे कमी, साउंडिंग (एका जागेवरचं उंचीनुसार तापमान) जास्त.

सेटअप नेहमीचाच. लो (कमी दाबाचं केंद्र) बेंचमार्कच्या, म्हणजे समुद्रातल्या 40 उत्तर, 70 पश्चिम या बिंदूच्या, जवळून जाणार पण उत्तरेला क्विबेकमध्ये दणकट हाय (जास्त दाबाचं केंद्र) नाही, म्हणजे ताजी थंडी येणार नाही, जे काही थंड व्हायचं ते जागच्या जागी. 850 मिलीबारला (साधारण दीड किमी उंचीवर) उणे 2 सेल्सिअस, तिथे काही प्रॉब्लेम नाही, सगळा खेळ 925 मिलीबारच्या (साधारण पाऊण किमी) खालचा. वारा ईशान्येचा, समुद्रावरून येणारा, आणि एप्रिलमध्ये बोस्टनजवळचं पाणी 40-45 फॅरनहाइट असतं, त्यामुळे बोस्टनला पाऊस हे मी आधीच लिहून टाकलं. आमच्याकडे सुरुवातीला तापमान 38 फॅरनहाइट, ड्यूपॉइंट (दवबिंदू) 27. नुसतं 38 बघून लोक म्हणतात पाऊस, पण वेट बल्ब (बाष्पीभवनाने हवा जिथवर थंड होऊ शकते ते तापमान) काढा, 33-34 येतो, म्हणजे पहिल्या तासाभरात बाष्पीभवनानेच चार अंश उतरतात.

गोठणबिंदूपर्यंतचा (32) उरलेला दीड अंश कोण काढणार? तर पडणारा स्नो स्वतःच, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी हवेतून ओढून घेतो. गणित करून बघा, 10 मिमी पाण्याइतका स्नो वितळला तर खालचा 100 मिलीबारचा थर साधारण 3 सेल्सिअसने थंड होतो, अर्थात गरम हवा आत येत नसेल तर. पण भुरभुर पडत राहिला तर हे होत नाही, जोर पाहिजे. त्यात एप्रिलच्या मध्याचं ऊन म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं ऊन, ढगातूनही रस्ता गरम ठेवतं, म्हणून दिवसा अर्धा इंच पाणी पडूनही गवतावर नुसता गिलावा आणि तेच रात्री पडलं तर तीन इंच.

म्हणून अंदाज दिला तो असा: 500 फुटांखाली फार तर एक इंच, 500 ते 800 मध्ये 1 ते 4 (हा पट्टा मुद्दाम रुंद ठेवला, कारण इथे सगळं जोरावर), हजाराच्या वर 5 ते 9.

रात्री राहवलं नाही, निघालो. तलावाच्या पुलावर पाऊस, वायपरवर मधूनच एखादा चिकट थेंब. प्लेझंट स्ट्रीटने टॅटनक स्क्वेअर ओलांडला तरी रस्ता काळाच होता, लॉनवर मात्र पांढरं धरायला लागलं होतं, आणि वर पॅक्स्टनच्या चढाला लागलो तसे रुपयाएवढाले फ्लेक एकमेकांना चिकटून सरळ खाली येत होते, पाइनच्या फांद्या पार वाकलेल्या आणि पुढच्या वळणावर लाइट गेलेली. मग गुपचूप मागे फिरलो.

सकाळचे आकडे: तलावाकाठी काहीच नाही, आमच्या बोर्डवर (स्नो मोजायची पांढरी फळी) अडीच इंच, पॅक्स्टनच्या एका काकांकडे सात. त्यांनी कोकोराझच्या (हौशी पर्जन्यमापकांचं नेटवर्क) चार इंची सिलिंडरने स्नोचा उभा कोअर काढून वितळवला, स्नो आणि पाण्याचा रेशो जेमतेम 6:1, म्हणजे सरसकट 10:1 धरणारे नकाशे कुठे जातात ते कळलं असेल. सातात एक इंचाच्या वर पाणी, आणि एक इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला 5.2 पौंड, फांद्या मोडणारच.

हा काही नवीन प्रकार नाही. मे 1977 मध्ये वुस्टरला फूटभर आणि बोस्टनला अर्धा इंच होता. उलट 1 एप्रिल 1997 च्या स्टॉर्ममध्ये वुस्टरला 33 आणि बोस्टनलाही 25.4 इंच, म्हणजे जोर असला की उंचीही फार विचारत नाही.

आता मला नक्की करायचंय ते मधल्या पट्ट्यात ताशी किती जोर लागतो ते. बर्कशायर किंवा व्हरमाँटवाले कोणी असाल तर बोर्डच्या आकड्याबरोबर उंची आणि दर तासाचं तापमान पण टाका प्लीज, आणि बोर्ड सहा तासांच्या आत पुसू नका रे.