दर लपवाल, तर वसुली विसरा

गुडघ्याचा एमआरआय करायचा होता, म्हणून इथल्या, म्हणजे डेन्व्हरच्या, एका मोठ्या हॉस्पिटलला फोन करून खर्च विचारला. उत्तर ठरलेलं: ‘ते तुमच्या विम्यावर आहे, बिल आलं की कळेल.’ इतकी वर्षं इथे काढूनही हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. पुण्यात स्कॅन सेंटरच्या काउंटरवर दर तोंडपाठ सांगतात, आणि ‘काही कमी होईल का हो?’ हेही विचारता येतं.

मग चिडून त्यांच्या वेबसाइटवरची दरांची फाइल उतरवली. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना ही फाइल जाहीर ठेवावीच लागते. ती माझ्या लॅपटॉपवर धड उघडेना. शेवटी ७३७२१ हा बिलाचा कोड शोधला, म्हणजे कॉन्ट्रास्टचं (रंगद्रव्याचं) इंजेक्शन न देता काढलेला गुडघ्याचा एमआरआय. मशीन तेच, गुडघा तोच, पण खाली प्रत्येक विमा कंपनीचा दर वेगळा. आणि रोख पैसे देणाऱ्याचा दर माझ्या विम्याच्या दरापेक्षा कमी! विमा असला तरी वर्षाच्या खर्चातली सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्याच खिशातून जाते, त्यामुळे हा फरक मलाच भरावा लागणार होता. दरमहा हप्ता कापून घेतात तो कशासाठी?

तरीही डेन्व्हर ज्यात येतं त्या कोलोरॅडो राज्याचं मला मनापासून कौतुक आहे, आणि ते २०२२ च्या एका कायद्यासाठी. दर जाहीर करण्याच्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात आधी दंड होता दिवसाला ३०० डॉलर. मोठ्या हॉस्पिटलला तो कुठे जाणवणार? पुढे खाटांच्या हिशोबाने तो दिवसाला ५,५०० डॉलरपर्यंत वाढवला, पण तो भरायचा सरकारला. रुग्णाच्या हाती काय? कोलोरॅडोने वेगळी नस पकडली. उपचाराच्या वेळी हॉस्पिटल दरांचा नियम पाळत नसेल, तर त्या बिलाच्या वसुलीसाठी त्याला रुग्णावर दावा लावता येत नाही, वसुली एजंट मागे लावता येत नाहीत, क्रेडिट रेकॉर्डवर थकबाकी चढवता येत नाही. तरी वसुली केली आणि रुग्ण कोर्टात जिंकला, तर भरलेले पैसे परत, वर थकबाकीइतकाच दंड थेट रुग्णाला, शिवाय वकिलाचा खर्च. ज्याला लुबाडलं त्यालाच भरपाई. असा कायदा करायला हिंमत लागते.

‘तिकडे आजारपण म्हणजे दिवाळं’ असं घरचे म्हणतात. ते खोटं नाही, पण आपल्याकडे ऑपरेशनच्या आदल्या रात्री डिपॉझिटसाठी नातेवाइकांना फोन फिरवणारी माणसं मीही पाहिली आहेत. आणि आपलं सरकार काहीच करत नाही, असंही नाही. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्राने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही आलं. त्यात मला कोलोरॅडोचं एकच कलम जोडलेलं हवं आहे: दरपत्रक नाही, तर वसुली नाही. आमदार मतं मागायला दारात येतील, तेव्हा त्यांच्याकडे हे एवढं नक्की मागा.