जमैका इन: भूत राहू द्या, चिखलाचं बघा

निकाल आधीच सांगून टाकतो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये जमैका इन ही जुनी सराई आहे; तिथे फक्त भुतासाठी जाणार असाल, तर जेवा आणि पुढच्या गावी मुक्कामाला जा. भोवतीच्या बॉडमिन मूर या माळावर चालणार असाल तर रात्र जरूर काढा. पण ‘इनमधून निघा, तासाभरात ब्राउन विली डोंगराच्या माथ्यावर’ असं लिहिणाऱ्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. ज्याने ते लिहिलंय तो गाडीतून खाली उतरला नसावा.

फोटोंत काय दिसतं? धुकं, ओसाड माळ, स्लेटच्या पाट्यांनी मढवलेल्या भिंती, फरसबंदी अंगण. फोटोंत काय येत नाही, तर अगदी शेजारून धावणारा ए-३० हमरस्ता. मध्यरात्री अंगणात घोड्यांच्या टापा आणि गाडीची चाकं ऐकू येतात म्हणे. आम्हाला ट्रक ऐकू आले, पहाटेपर्यंत. कानात घालायला बोळे न्या.

इन १७५० सालचं. लॉन्सस्टन आणि बॉडमिन यांच्यामधल्या माळावर घोडागाड्यांचा हा थांबा, १७७८ मध्ये तबेला वगैरे वाढवलेला. किनाऱ्यावर चोरून उतरवलेली ब्रँडी, तंबाखू आणि चहा इथे दडवून पुढे जायचा. चहासुद्धा! १७८४ पर्यंत ब्रिटनमध्ये चहावर ११९ टक्के कर होता, तो साडेबारावर आणला तेव्हा कुठे चोरट्या चहाचा धंदा बसला. माझा आपला अंदाज: रात्री टापा वाजल्या की गावकऱ्यांनी खिडकी उघडून बघू नये, यासाठी भुतांइतका बिनपगारी राखणदार दुसरा कुठला मिळणार? टापांची गोष्ट तिथलीच असणार.

तिकोनी टोपीवाला कपाटातून आरपार जातो, मूल घेतलेली बाई दिसते, हे सगळं ऐकून घ्या आणि सोडून द्या. पटलं ते एकच भूत. एक परका माणूस बारमध्ये एल बिअरचा पेला अर्धा पितो, कुणीतरी बाहेरून हाक मारतं, तो पेला तसाच ठेवून उठतो. सकाळी माळावर त्याचं प्रेत. मारणारा सापडलाच नाही. तेव्हापासून बारकडे येणारी पावलं वाजतात, उरलेलं प्यायला. १९११ मध्ये वर्तमानपत्रांतही चर्चा झाली: इनबाहेरच्या भिंतीवर एक माणूस बसलेला दिसतो, हलत नाही, नमस्काराला उत्तर देत नाही, आणि वर्णन त्या मेलेल्या माणसाशी जुळतं. वासना अर्ध्या पेल्यात अडकली, आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नसता. भूतशोधाच्या खास रात्रीही तिथे होतात; हौस असेल तर जा, मला झोप प्यारी.

जेवण चांगलं. पेस्टी, म्हणजे तिथली सारण भरलेली मोठी करंजी, खा, पोटभर होते.

आता खरं. ब्राउन विली म्हणजे कॉर्नवॉलचं सर्वोच्च टोक, उंची ४२० मीटर. पावसात हरिश्चंद्रगड केलेल्याला ही उंची चेष्टा वाटते. इनपासून सरळ रेषेत चारेक किलोमीटर. पण सरळ रेषेत जायला तुम्ही कावळा नाही. हमरस्त्याखालून पलीकडे जाऊन कॉडाच्या शेतवाडीपर्यंत डांबरी वाट आहे, तोवर सगळं गोड. तिथून कॅट्सहोल टॉरच्या (टॉर म्हणजे खडकाळ माथ्याची टेकडी) दिशेने उघड्या माळावर लागलात की वाट गवतात विरते आणि दलदल सुरू होते. आमच्या सोबत्याचा पाय पोपटी शेवाळावर पडला, मऊ गादी वाटली म्हणून. भस्सकन गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट राहिला. मी पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून तो उपसला, तेव्हा आतून कुजक्या अंड्याचा वास आला. तेवढ्यात धुकं उतरलं आणि आधी समोर दिसणारा टॉर गायब.

तर नीट ऐका. चकचकीत पोपटी दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. ताठ गवताचे झुबके धरून, काठीने चाचपत जायचं. वेळ लागला तरी उंचवट्यावरून वळसा घ्या, खोलगटातून आडवं कापू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर १०९ नकाशा आणि होकायंत्र हवंच. मोबाईलवर विसंबू नका. गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंतची आवरणं, घाला. धुकं आलं की मागे फिरा, माथा उद्याही तिथेच असतो. १९३६ मध्ये ज्या कादंबरीने हे इन जगभर पोचवलं, त्या ‘जमैका इन’ची लेखिका डॅफ्नी द्यू मॉरिए १९३० मध्ये याच माळावर धुक्यात चुकली होती. घोड्यांनी तिला परत आणलं. आमच्याकडे घोडे नव्हते.

माथ्यावरून रफ टॉर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १८४४ मध्ये शार्लट डायमंड या तरुणीचा खून झाला, तिथे स्मारक आहे आणि ती अजून फिरते अशी वदंता. संध्याकाळी त्या उतारावर थांबायचं माझं धाडस झालं नसतं, हे मात्र मान्य.

डोझमेरी तळं इनच्या दक्षिणेला, रस्त्याने जाता येतं, सोपं. दंतकथेतल्या दुष्ट ट्रेगीगलचं भूत भोकाच्या शिंपल्याने ते उपसत बसलंय म्हणतात. तळ नसलेलं तळं ही ख्याती, पण १८५९ मध्ये ते चक्क आटलं होतं. अर्धा तास पुरे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची सेंट आयव्हज, पेन्झान्स ही गावं छान, पण त्यावर सगळेच लिहितात.

टॅक्सीचं तेवढं लक्षात ठेवा. स्टेशन बॉडमिन पार्कवे, तिथून इन लांब आणि बसचा भरवसा नाही. आम्हाला मिळालेल्या टॅक्सीवाल्याने मीटर न लावता ‘रविवारचा दर’ म्हणून तोंडाला येईल तो आकडा सांगितला, आणि पाऊस असल्याने आम्ही मोजला. दर फोनवर ठरवा, मेसेजमध्ये लिहून मागा, परतीची गाडी त्याच वेळी पक्की करा. चिखलात माखलेल्या माणसाला ऐनवेळी कुणी गाडीत घेत नाही. जुनं प्लॅस्टिक सोबत ठेवा, सीटवर अंथरायला.