मामाची ‘बासष्टची’ गिटार

मामा गेल्यावर तीनेक महिन्यांनी मामीने कपाटावरची गिटारची काळी केस खाली काढायला लावली. “बासष्टची आहे रे. हे नेहमी सांगायचे. लाखांत जाईल म्हणायचे,” असं म्हणून तिने केसवरची धूळ पदराने पुसली. टोरांटोच्या मामेभावाने आदल्या रात्रीच घरच्या ग्रुपवर जुनी बातमी टाकली होती: पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार जून 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. खाली एकच वाक्य. “आपलीपण फेंडरच आहे ना?”

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर होती हे खरं. मामा बोटीवर रेडिओ ऑफिसर. 1979 साली ह्यूस्टनला बोट लागली असताना गहाणवटीच्या दुकानातून त्याने ती उचलली आणि पुढची आठ-दहा वर्षं सुट्टीवर आला की गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवली. मी लहानपणी ती गणपतीच्या मांडवात पाहिली आहे. लालभडक रंगाची होती.

बासष्टचा निकाल दोन मिनिटांत लागला. मी गिटार वाजवतो, पण जुन्या गिटारींतला जाणकार नाही. तरी एवढं ठाऊक होतं की 1954 साली निघालेल्या या मॉडेलचं डोकं, म्हणजे तारा पिळायच्या किया असतात तो हेडस्टॉक, सुरुवातीला लहान आणि सुबक होता. जानेवारी 1965 मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून हेडस्टॉक मोठा झाला. मामाच्या गिटारचं डोकं चांगलं थोराड होतं. उलटी केली तर नेक, म्हणजे गिटारची मान, तीन स्क्रूंनी बसवलेला. बासष्टला चार असायचे. तीन स्क्रू आणि हेडस्टॉकच्या टोकाला बंदुकीच्या गोळीसारखं नट ही जोडी स्ट्रॅटवर 1971 पासूनची. म्हणजे लाखांतली ‘प्री-सीबीएस’ नव्हे. मामीला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की थोडी नंतरची दिसते, बघतो.

नेकच्या मागच्या पत्र्यावर इंग्रजी एफ अक्षर आणि सहा आकडी नंबर होता, पाच लाखांतला. मला वाटलं, नंबर मिळाला की साल मिळालं. फेंडरच्या यादीत पाच लाखांतले नंबर सप्टेंबर 1973 ते सप्टेंबर 1976 असे पसरलेले! कारखान्यात हे पत्रे डब्यातून हाताला येईल तसे उचलून लावत, त्यामुळे नंबर आणि साल यांचा क्रम जुळत नाही. शिवाय पत्रा तीन स्क्रूंचा. दहा मिनिटांत दुसऱ्या गिटारचा इथे येऊ शकतो.

मग नेक काढायला घेतला. नेकच्या बुडाशी शाईचा शिक्का असतो आणि त्या काळच्या आठ आकडी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष लपलेलं असतं, हे मी वाचून ठेवलं होतं. तारा सैल केल्या, योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्क्रू काढून ओळीने कागदावर ठेवले. नेक निघाला. बुडाशी चाळीस-पन्नास वर्षांची काळी चिकट घाण होती. आणि इथे मी गाढवपणा केला. कापसाला स्पिरिट लावून घाण पुसायला लागलो. कापूस निळसर झाला तेव्हा लक्षात आलं की घाणीबरोबर शाईही निघतेय. हात थांबला तोवर शिक्क्यातले पहिले दोन आकडे, 09, तेवढे उरले होते. शून्य-नऊ म्हणजे मॉडेल स्ट्रॅटोकास्टर. ते मला हेडस्टॉकवर ठसठशीत लिहिलेलं दिसतच होतं. त्या कापसाचा बोळा मी दोन दिवस टेबलावर ठेवला होता, जणू त्यातून आठवडा परत मिळणार होता.

आता उरला पिकगार्डच्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या, आतला भाग. ते काम मी एकट्याने केलं नाही. वांद्र्याला गिटार दुरुस्त करणारे एक गोवेकर अंकल आहेत, त्यांच्याकडे गेलो. शिक्क्याची गोष्ट सांगितली तर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले, तो उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. तीन पॉट, म्हणजे बटणांखालचे फिरते रेझिस्टर, होते: एक व्हॉल्यूमचा, दोन टोनचे. पहिल्याच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे भिंगातून वाचले: 1377419. अंकलनी तुकडे पाडून सांगितले. 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 74 म्हणजे साल, 19 म्हणजे एकोणिसावा आठवडा. दुसऱ्यावर तेच. पॉटवरची तारीख पॉटची असते, गिटारची नाही. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढंच त्यावरून ठरतं. कंपन्या साठा करून ठेवत आणि पुढे काही वर्षं तोच वापरत. म्हणून अंकलनी सोल्डर पाहिलं. दोन्ही पॉटवर ते मळकट, करडं, एकदाच वितळलेलं. म्हणजे कारखान्यानंतर तिथे कुणी हात घातलेला नाही.

तिसरा पॉट मात्र चकचकीत. आकडा नाही, सोल्डरचे गोळे जाड. अंकल हसले, “लॅमिंग्टन रोड!” मला लगेच मामाचा हात ओळखू आला. रेडिओ ऑफिसरच्या घरात सोल्डरिंग आयर्न कायम गरमच असायचं.

तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या पिकअपची पांढरी टोपी काढली तर आतले चुंबक एका पातळीत होते, पूर्वीसारखे खालीवर नव्हते. हा बदल 1974 च्या सुमाराचा. मल्टिमीटरवर तिन्ही पिकअप साडेपाच ते सहा किलोओहमच्या मधे. त्या काळच्या पिकअपला शोभेल असंच. थोडक्यात, 1974 चा उत्तरार्ध किंवा 1975 ची सुरुवात. नेकवरची काळसर फळी शिसवीची निघाली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ब्राझीलची शिसवी वापरत असे, त्यानंतर आपल्याकडची. म्हणजे लाकूड इथून कॅलिफोर्नियाला गेलं आणि मामाच्या बोटीतून परत आलं. किमतीत याने एक पैसाही वाढत नाही.

आता रंग. अंकलनी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला, पण खरं काम पिकगार्डखालच्या खाचेने केलं. तिथे लाल रंग जेमतेम शिंतोड्यांनी पोचला होता आणि त्याखाली पिवळ्यावरून तांबूस होत काळ्यात जाणारा मूळ सनबर्स्ट, काचेसारख्या जाड पॉलिएस्टरखाली जसाच्या तसा. वरचा लाल म्हणजे गाड्यांना मारतात तो ड्युको. मामीला विचारलं तर ती म्हणाली, “मग? ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांचे शर्ट लाल होते. गॅरेजवाल्याने फुकट मारून दिला.”

या फुकट रंगाची किंमत अंकलनी सांगितली: निम्मी. जुन्या गिटारचा मूळ रंग गेला की भाव साधारण अर्धा धरायचा, हा धंद्यातला ढोबळ हिशेब. त्यात तिसरा पॉट आणि सूर हलवायचा, हरवलेला ट्रेमोलोचा दांडा. रिव्हर्ब या वाद्यांच्या ऑनलाइन बाजारावर लोक काय मागतात ते मी बघितलंच नाही. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचे भाव शोधले. मूळ रंगातल्या त्या सालच्या गिटारी अडीच ते चार हजार डॉलरला गेलेल्या, नंतर रंगवलेल्या दीड-पावणेदोन हजाराच्या आसपास. आपल्या पैशांत सव्वा-दीड लाख. इथल्या एका दुकानदाराने पस्तीस हजार म्हटलं होतं आणि वर “पुरानी है” असं दयेने सांगितलं होतं, तेही इथे नोंदवतो.

टोरांटोहून लगेच फोन. “मग तो लाल रंग काढून टाकू या ना! खाली मूळ आहे म्हणतोस.” हे मीही अंकलना विचारून बसलो होतो. रंग चढावा म्हणून गॅरेजवाल्याने आधी अंग पॉलिश पेपरने घासून घेतलं असणार, तेव्हा लाल उतरवला तर खाली ओरखडलेला सनबर्स्ट निघेल. शिवाय रीफिनिश, म्हणजे एकदा रंग बदललेली, ती रीफिनिशच. भाव चढणार नाही, वर मजुरी जाईल. भाऊ ऐकेना. “पण गिलमोरची काळीसुद्धा सनबर्स्टवर काळा रंग मारलेलीच होती, मी वाचलंय.” वाचलंय ते बरोबर आहे. “हो,” मी म्हटलं, “पण ती गिलमोरने वाजवली. आपली मामाने.” पलीकडे थोडा वेळ शांतता.

अंकलनी लेटरहेडवर लिहून दिलं आहे: साल, काय मूळ, काय बदललेलं, अंदाजे भाव. शिक्क्याच्या रकान्यात ‘वाचता येत नाही’ एवढंच लिहिलं, कारण लिहिलं नाही. ती मेहरबानी. विकायची की ठेवायची हे दिवाळीत भाऊ आल्यावर ठरेल. तोवर केस माझ्याकडे, सिलिकाच्या पुड्या घालून. लॅमिंग्टन रोडचा पॉट फिरवला की खरखरतो. बदललेला नाही.